अनुभव धागा: घरातल्या मांजराची नखे आणि आपला सोफा

उंबरठा
गेल्या आठवड्यात लेकीने न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीहून एका पोरक्या मांजरीचा फोटो पाठवला आणि खाली विचारले, "आई, ही सोफा फाडेल का गं?" त्यावरून मला २००६ सालचे ओहायोतले आमचे घर आठवले.

आमची ठमी तेव्हा सहा महिन्यांची होती. तिच्या नसबंदीसाठी दवाखान्यात गेले, तर अर्जावर एक चौकोन होता: पुढच्या पायांची नखेही त्याच वेळी काढून हवीत का? हप्त्यांवर घेतलेल्या सोफ्याच्या एका हाताचा ठमीने अक्षरशः काथ्या केला होता, त्यामुळे मी त्या चौकोनावर पेन टेकवलेही होते. काउंटरवरच्या मुलीने काही न बोलता स्वतःचे बोट पुढे केले आणि शेवटच्या पेराच्या सांध्यावर दुसऱ्या हाताने रेघ ओढून दाखवली. मांजराचे नख त्या शेवटच्या हाडातूनच उगवते, त्यामुळे नख काढायचे म्हणजे ते पेरच हाडासकट कापायचे आणि पुढच्या दोन पायांना मिळून अशी दहा पेरे असतात, हे मला त्या दिवशी कळले. मी चौकोन रिकामा सोडला.

त्यानंतर ठमीला नखे परजायला आणलेला पहिला खांब साफ फसला, कारण तो जेमतेम दोन फूट उंच होता आणि ठमीने हात लावला की डुलत होता. शेवटी बासमतीची तागाची रिकामी पिशवी सोफ्याच्याच हातावर घट्ट शिवून टाकली, तेव्हा कुठे ती तिथे स्थिरावली. पाहुणे हसत असत, पण कापड वाचले. ज्यांच्या घरी बंद दाराआड मांजर वाढले आहे, त्यांनी आपापले उपाय लिहावेत. लेकीला हा धागाच पाठवणार आहे.

सातवा_मजला
आम्ही पुण्यात राहतो, आणि इथे नखे काढून टाकण्याचा विषय मला तरी कोणी कधी काढलेला आठवत नाही. माझ्या लहानपणी वाड्यातली मांजरे आवारातल्या आंब्यावर नखे परजत असत. आता खिडक्यांना जाळ्या आहेत, आंबा नाही, आणि बोक्याने आंब्याचे काम सागवानी दाराला लावले आहे.

उपाय असा केला. बोका दाराला हात लावून पूर्ण ताणला गेला असताना मागच्या पायापासून पुढच्या नखापर्यंत मोजपट्टी लावली, तर ते माप एकतीस इंच भरले. मग छत्तीस इंचांचा वासा घेतला, बोहरी आळीतून घायपाताचा दोर आणून तो वाशावर एकाला एक खेटून गुंडाळला, आणि खाली प्लायवूडच्या फळीवर सासूबाईंचा माळ्यावरचा पाटा ठेवला. मांजर नखे परजताना सगळे अंग मागे खेचते, म्हणून खांब हलला की त्याचा विश्वास उडतो. पाट्यामुळे आमचा खांब जागचा हलत नाही. सासूबाई मात्र म्हणतात की पाटा शेवटी कामाला आला, तो मांजराच्या.

गवतीचहा
तुमच्याकडे दार गेले, आमच्याकडे रुखवतातला विणलेला पडदा गेला. मी उपाय विचारायला आले होते, पण पाट्याचे वाचून इतकी हसले की कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.

नदीकाठ
सातवा_मजला, खांब कुठे ठेवला आहे ते लिहायचे राहिले. आमचा खांब बाल्कनीच्या कोपऱ्यात होता तोवर मनी त्याच्याकडे फिरकलीही नाही. मांजर झोपेतून उठल्या उठल्या आळोखेपिळोखे देत नखे परजते, आणि तिच्या पंजांत गंधाच्या ग्रंथी असल्यामुळे ती जागा आपली असल्याची खूणही करून ठेवते. ही खूण अडगळीत करून तिला काय मिळणार? खांब दिवाणखान्यात, सोफ्याच्या अगदी शेजारी आणला आणि सोफ्याच्या कडेला दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावली. पंजाला चिकट लागलेले तिला सहन होत नाही. तीन आठवड्यांनी पट्टी काढली, खांब तिथेच राहिला.

सुकाजवळा
खांब असला तरी नखे कापावीच लागतात, आणि आमच्या घरात त्याची धास्ती मांजरापेक्षा माणसांना अधिक होती. सासरे टॉवेल घेऊन, मी कात्री घेऊन आणि नवरा सूचना देत, असा सोहळा झाला की बोका दोन दिवस कपाटामागे बसत असे. आता तो दुपारी पेंगत असताना मी एकटीच बसते, बोटाची गादी हलकेच दाबते, नख बाहेर आले की आतला गुलाबी भाग पाहून त्याच्या बऱ्याच अलीकडे फक्त टोक उडवते. एका दिवशी एकच पंजा करायचा आणि लगेच चिमूटभर सुका जवळा द्यायचा. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. एकदा गुलाबी भागाला लागले आणि रक्त आले, तेव्हा मी हळद आणायला धावले. डॉक्टरांनी फोनवर सांगितले की कॉर्नफ्लॉवर दाबून धरा, आणि रक्त थांबले.

ज्यांच्याकडे म्हातारी मांजरे आहेत त्यांनी हे टाळू नये. त्यांची नखे जाड होतात, पुरेशी झिजत नाहीत आणि वळून गादीत रुततात.

बर्फातली_बाग
आम्ही टोरोंटोत असतो. आईला रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत, त्यामुळे तिला साधा ओरखडा आला तरी बराच वेळ वाहतो. एका मैत्रिणीने मांजराची नखे काढून टाकण्याचा सल्ला दिला होता. त्याऐवजी आम्ही नखांवर चिकटवायच्या प्लास्टिकच्या टोप्या आणल्या. पहिला संच दवाखान्यात बसवून घेतला. चार ते सहा आठवड्यांत नख वाढते तशा त्या गळून पडतात आणि पुन्हा बसवाव्या लागतात. रंग गुलाबीच शिल्लक होता, म्हणून आमचा दांडगा बोका नेलपॉलिश लावल्यासारखा फिरतो आणि आई त्याला "नवरीबाई" म्हणते. बाहेर हिंडणाऱ्या मांजराला मात्र टोप्या लावू नयेत, कारण जीव वाचवायला झाडावर चढण्याची वेळ आली तर त्याची पकड बसत नाही.

गवतीचहा
नवरीबाईचा फोटो टाकल्याशिवाय पुढचा प्रतिसाद कोणी लिहू नये.

पानगळ
फोटोच्या आधी माझे लिहून घेते, कारण आमच्या घरी दुसरी बाजू आहे. मेरीलँडमधल्या निवाऱ्यातून आम्ही नऊ वर्षांची मांजर आणली, तिची पुढची नखे आधीच्या घरी काढलेली होती. ती वाळूच्या खोक्यात पाय ठेवत नसे आणि बाथरूममधल्या पायपुसण्यावर बसत असे. आम्ही तिला हट्टी म्हणत होतो, मी तर एकदा रागावलेही. तपासणीत कळले की तिचे पंजे दुखत होते आणि खड्यांवर उभे राहणे तिला सोसत नव्हते. वाळूच्या जागी कागदाचा मऊ चुरा घातला, वेदनाशामक औषध सुरू झाले आणि महिन्याभरात ती खोक्यात जाऊ लागली. चावण्याची सवय मात्र राहिली. नखांची ताकीद देता येत नसेल तर ती बिचारी आणखी काय करणार? न्यूयॉर्कने २०१९ मध्ये ही शस्त्रक्रिया बंद केली, आणि तसे करणारे ते अमेरिकेतले पहिले राज्य. मेरीलँडने २०२२ मध्ये केली. तिच्यासाठी उशीरच झाला. उंबरठाताई, लेक ऑल्बनीत आहे म्हणजे तिच्यापुढे तो चौकोन येणारच नाही.

धुकेगाव
इंग्लंडमध्ये मी भाबडेपणाने मांजराची नखे काढून मिळतील का असे विचारले होते, तेव्हा डॉक्टरांनी मला खुर्चीत बसवून त्याला मनाई करणारा २००६ चा प्राणीकल्याण कायदा समजावला. वीस मिनिटे लागली आणि शुल्क तपासणीचेच घेतले.

आगरातली
एवढ्या उपायांत खोकलीची आठवण कोणालाच कशी झाली नाही? पावसाळ्यात आमच्या अंगणात ती आपोआप उगवते. आजी तिला उपटू लागली की आळीतली मांजरे गोळा होत, मुळीवर लोळत आणि लाळ गाळत. मी मुंबईच्या फ्लॅटमध्ये मुळी ठेचून तागाच्या खांबावर चोळली, आणि ज्या मांजरीने महिनाभर खांबाला भीक घातली नव्हती तिने त्याला मिठीच मारली. वास दोन दिवसांत उतरतो, पण तोवर तिला खांब आपला वाटू लागतो.

उंबरठा
आगरातली, लेकीकडे दुकानात कॅटनिपचा, म्हणजे खोकलीसारख्याच मांजरांना भुलवणाऱ्या वनस्पतीचा, वाळलेला पाला मिळतो, तो ती आधी चोळून पाहील. मात्र सगळ्याच मांजरांना त्याची नशा चढत नाही. आमची ठमी त्यावर शिंकून निघून गेली होती. पानगळ, तुमचा प्रतिसाद लेकीला आधी वाचून दाखवला.

आताच तिचा फोन आला होता. तिने फीतीने मापले, मांजरी ताणली की एकोणतीस इंच भरते, आणि खांब कालच आणला आहे. सध्या ती खांब ज्या खोक्यातून आला त्या पुठ्ठ्यावर नखे परजते आहे.

सातवा_मजला
मग खोकेच उभे करून भिंतीला टेकवायला सांगा. पाटा लागला तर सासूबाईंना विचारून पाहतो.