सोमवारी जॉइनिंग आहे, ओरिजनल मार्कशीट मागताहेत. द्यायच्या का? (तातडीने मदत हवी)

पंचवटीकर०३ (गुरुवार, रात्री ९.१०)
नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये पहिलीच नोकरी, सोमवारी जॉइनिंग. आज फोन आला की येताना सगळे ओरिजनल आणि एक सही केलेला चेक घेऊन या, दोन वर्षं झाली की परत मिळेल. घरात दोन तट पडलेत. बाबा म्हणतात देऊन टाक, सगळीकडे घेतात. मामा म्हणतो अजिबात नाही. पगार १८ आहे. उद्या दुपारपर्यंत कळवायचंय. द्यायचे की नाही? पहिल्या दिवशी अजून काय सांभाळायचं तेही सांगा.

सिडकोवाला
कंपनी सातपूरला, अंबडला की सिन्नरला? शिक्षण काय? १८ हातात की सीटीसी (म्हणजे कंपनीचा तुझ्यावरचा एकूण खर्च)? चेक कोरा की रक्कम टाकलेला? ऑफर लेटर आलंय का? एवढं सांग ना भो, मग बोलू.

चहाबाज
१८ लाखांचं पॅकेज असेल तर मार्कशीटच काय, घराचा सातबारा पण दे. :)

निवृत्त_फोरमन
आम्ही सातपूरला लागलो तेव्हा सगळे कागद ऑफिसात जमा असायचे. कुणाचं काही हरवलं नाही. आजकालच्या मुलांना प्रत्येक गोष्टीत संशय. बाळा, तू कागदांची चिंता सोड आणि काम शिक. पहिले सहा महिने व्हर्निअर, मायक्रोमीटर ही मोजायची साधनं आणि ड्रॉइंग वाचन यावर हात बसव. ऑपरेटरला अरेतुरे करू नकोस, मशीन त्याला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. शर्टाची बाही बटण लावून बंद ठेव, अंगठी-कडं घरी काढून ठेव. ड्रिलवर हातमोजे घालायचे नाहीत, हे तर डिप्लोमावाल्यांना कुणी शिकवतच नाही.

पंचवटीकर०३
काका धन्यवाद, पण माझा प्रश्न तो नव्हता.
डिप्लोमा मेकॅनिकल, यंदाच पास. कंपनी अंबडला, नाव टाकत नाही. चेक कोरा. लेटर अजून नाही, व्हॉट्सअपवर मेसेज आलाय, त्यात 'ट्रेनी' लिहिलंय. आता हो की नाही एवढंच सांगा.

रेवा
नाही.
(मी एचआरमध्येच आहे, अंबडलाच, त्यामुळे हे आमच्याच बिरादरीविरुद्ध बोलतेय असं समज.) ओरिजनल बघायचे, झेरॉक्सशी ताडून पाहायचे आणि त्याच टेबलावर परत करायचे, एवढंच आमचं काम. झेरॉक्सवर स्वतः सही करून दे. त्यावर तारीख आणि 'फक्त नोकरीच्या पडताळणीसाठी' असं आडवं लिही. ज्याला खात्री करायची तो डिजिलॉकरवरून किंवा बोर्डाकडून करून घेतो. कपाटात मार्कशीट ठेवून पडताळणी होत नसते, माणूस अडकवून ठेवता येतो.

आणि १८ चं आधी विचार. ग्रॉस (कपातीआधीचा पगार) १८ असेल आणि बेसिक १२ हजार धरलं तर पीएफ १२ टक्के म्हणजे १,४४०, ईएसआय (कामगार विमा) ०.७५ टक्के म्हणजे १३५, प्रोफेशनल टॅक्स २०० (फेब्रुवारीत ३००). हातात १६,२२५. कॅन्टीन आणि बस वेगळी. पण १८ ही सीटीसी असेल तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ईएसआयचे ३.२५ टक्के त्यातच मोजलेले असतात. मग हातात सव्वाचौदाच्या आसपास येतील. पहिल्या पगाराला पोरं रडत येतात माझ्याकडे, सगळी याच कारणाने.

गोदाकाठची
मुलगी असेल तर २५ हजारांपर्यंत प्रोफेशनल टॅक्स लागत नाही हं महाराष्ट्रात. माझ्या भाचीचा चुकून कापत होते.

पंचवटीकर०३
मुलगा आहे.

निवृत्त_फोरमन
रेवाताई, तुमचं पुस्तकी खरं आहे. पण कंपनीने माणूस शिकवायचा, टूल मोडायचे, जॉब (बनवलेले भाग) रिजेक्ट करून घ्यायचे आणि सहा महिन्यांनी त्याने पाचशे रुपयांसाठी शेजारच्या गेटमध्ये जायचं? कंपनीने मग करायचं काय?

रेवा
काका, पाचशे वाढवून द्यायचे.

चहाबाज
+१

वकिली_चष्मा
दोन वेगळ्या गोष्टींची इथे खिचडी होतेय, म्हणून जरा सविस्तर.

बॉण्ड (ठरावीक काळ नोकरी सोडायची नाही असा करार) म्हटला की तो बेकायदाच, असं लोक छातीठोक सांगतात ते चूक आहे. भारतीय करार कायदा १८७२, कलम २७ प्रमाणे कुणाला व्यवसाय-नोकरी करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्द ठरतो. पण नोकरीत असताना किमान काळ राहण्याची अट आणि मुदतीआधी सोडल्यास भरपाई, ही वेगळी बाब. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तीन वर्षांच्या आत सोडल्यास २ लाख रुपयांची अट वैध ठरवली. पण ती सरकारी बँक होती, पद वरिष्ठ होतं आणि नव्याने भरतीचा खर्च न्यायालयाने लक्षात घेतला. अंबडच्या १८ हजारांच्या ट्रेनीला तेच माप जसंच्या तसं लागणार नाही. कलम ७४ मध्ये भरपाई 'वाजवी' हवी आणि करारात लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त नको, असं आहे.

मार्कशीट मात्र तुझी मालमत्ता आहे. ती अडकवून ठेवायचा अधिकार मालकाला कुठलाही कायदा देत नाही.

आणि कोरा चेक हा या सगळ्यातला सर्वांत वाईट भाग. सही करून कोरा चेक दिलास की समोरच्याला तो भरायचा अधिकार प्रथमदर्शनी तूच देतोस. पुढे तो वटला नाही तर चेक बाउन्सची, कलम १३८ ची नोटीस तुझ्या घरी. देणं नव्हतंच हे न्यायालयात सिद्ध करता येईलही, पण त्यासाठी तारखांना तूच जाणार, सुट्टी तूच टाकणार.

द्राक्षवाला
नोकरी कशाला करतोस भाऊ. मेकॅनिकल झालास ना, आमच्याकडे पिंपळगाव-दिंडोरी पट्ट्यात ब्लोअर आणि ट्रॅक्टर दुरुस्तीला माणूस मिळत नाही. छाटणीच्या हंगामात मेकॅनिकच्या मागे फिरावं लागतं. दोन वर्षांत स्वतःचं वर्कशॉप टाकशील.

सिडकोवाला
आणि द्राक्षवाले उधारी देतील ना त्याला, पुढच्या हंगामापर्यंत.

द्राक्षवाला
व्यापारी आमचे पैसे बुडवून पळतो तेव्हा कुणी धागा काढत नाही.

मनमाड_लोकल
धाग्याच्या मालकाला एक विचारतो. पुढे डिग्री करायचीय का? थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घ्यायचा तर कागदपत्र पडताळणीला ओरिजनल लागतात. माझ्या आतेभावाने अशाच एका ठिकाणी मार्कशीट दिली होती. कॅपच्या (केंद्रीय प्रवेश फेऱ्यांच्या) वेळी मागायला गेला तर 'साहेब बाहेरगावी आहेत'. राऊंड गेला, साहेब आले.

पंचवटीकर०३
हे माहीत नव्हतं. डिग्रीचा विचार आहे, पुढच्या वर्षी.
बरं, एक राहिलं. फोन कंपनीतून नव्हता, कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसमधून होता. त्याने काही फरक पडतो का? आणि शूज-युनिफॉर्मचे २,००० डिपॉझिट पण सांगितलंय.

सिडकोवाला
अरे!!! हे आत्ता सांगतोस?

रेवा
फरक पडतो का?? सगळाच पडतो. तू कंपनीच्या रोलवर नाहीसच. तुझा मालक तो कॉन्ट्रॅक्टर. पीएफ-ईएसआय त्याच्या कोडवर भरला जाणार, अनुभवाचं पत्र त्याच्या लेटरहेडवर मिळणार. ते वाईटच असतं असं नाही, अर्धं अंबड त्यावर चालतं आणि कॉन्ट्रॅक्टरने पगार थकवला तर मूळ कंपनीवर जबाबदारी येते. पण 'ट्रेनी' हा शब्द कुठल्या अर्थाने ते लेखी घे. अ‍ॅप्रेंटिस कायद्याखालचा अ‍ॅप्रेंटिस असशील तर सरकारी पोर्टलवर करार नोंदलेला हवा. त्याला स्टायपेंड मिळतो, पीएफ लागू नसतो. तसा करार नाही, पीएफ पण नाही आणि काम मात्र ऑपरेटरचं, तर 'ट्रेनी' हे नुसतं पैसे वाचवायचं नाव आहे.

सेफ्टी शूज देणं मालकाचं काम. २,००० देऊ नकोस.

निवृत्त_फोरमन
कॉन्ट्रॅक्टर? मग माझं वरचं म्हणणं मागे. कॉन्ट्रॅक्टरला कागद देऊ नको. आज त्याचं ऑफिस त्रिमूर्ती चौकात, उद्या कुठे असेल सांगता येत नाही. त्यापेक्षा ओझरला एचएएलमध्ये (सरकारी विमान कारखान्यात) अ‍ॅप्रेंटिसशिपची जाहिरात निघते तिकडे लक्ष ठेव. एक वर्ष शिकशील तर आयुष्यभर पुरेल.

सिडकोवाला
काका, आणि वर्ष संपल्यावर? अ‍ॅप्रेंटिस झाला म्हणजे घेतलंच पाहिजे असं कंपनीवर बंधन नाही. माझ्या बॅचमधल्या कितीतरी जणांनी अ‍ॅप्रेंटिसशिप केली आणि शेवटी कॉन्ट्रॅक्टवरच लागले.

निवृत्त_फोरमन
हात तर तयार झाला ना त्यांचा.

आधार_पॅन_लिंक
सगळे मार्कशीटवर बोलताहेत, पण मुख्य भानगड नावाची असते. मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, पॅनवर वडिलांचं नाव गायब किंवा नुसतं आद्याक्षर. यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) काढताना आधारवरचं नाव धरतात. जन्मतारीख किंवा स्पेलिंग जुळलं नाही तर पीएफ काढताना नाकी नऊ येतात. जॉइनिंगच्या आधीच सगळीकडे एक स्पेलिंग करून घ्या. उमंग अ‍ॅपवर चेहरा दाखवून यूएएन स्वतःला काढता येतो, कॉन्ट्रॅक्टरच्या पोराला मोबाईल आणि ओटीपी देऊ नका. नोकरी बदलली तरी नंबर एकच राहतो, नवीन काढायचा नाही. मी यावर वेगळा धागा काढला होता, कुणी वाचला नाही.

चहाबाज
काढताना शीर्षकात 'तातडीने' लिहायचं होतं.

गोदाकाठची
पंचवटीतून अंबडला जाणार कसा? फर्स्ट शिफ्ट असेल तर सकाळी फार लवकर निघावं लागेल. द्वारका चौकात अडकलास की संपलं, त्यात सिंहस्थाच्या कामांनी जिकडे तिकडे खोदून ठेवलंय. सिटीलिंक बसच्या वेळा आधी बघून ठेव आणि थर्ड शिफ्टला परत यायला काय मिळतं तेही बघ. आईला डब्याचं आजच सांग. कॅन्टीन आहे का? नवीन पोरं गेटबाहेरच्या मिसळीवर महिना काढतात आणि पोट बिघडवून घेतात.

सिडकोवाला
मिसळीला काही बोलायचं नाही.

मनमाड_लोकल
पाथर्डी फाट्याला कॉट बेसिसवर रूम मिळते, गाडीच्या पेट्रोलपेक्षा परवडेल. पण भावा, पक्कं होईपर्यंत डिपॉझिट भरू नको.

पंचवटीकर०३ (शुक्रवार, संध्याकाळी ६.३५)
आज सकाळी मामाला घेऊन थेट कंपनीच्या गेटवरच गेलो. (उद्या शनिवारी तिथे साप्ताहिक सुट्टी, म्हणून आजच.) टाइम ऑफिसमधल्या (हजेरीचं ऑफिस) साहेबांनी सांगितलं की कंपनी कुणाचेही ओरिजनल घेत नाही, आधार, पॅन, बँक पासबुक आणि मार्कशीटच्या झेरॉक्स, फोटो आणि मेडिकल एवढंच लागतं. शूज कंपनीच देते. जागा खरी आहे, क्वालिटीत इन्स्पेक्शनला, आणि १८ ग्रॉस आहे.

मग कॉन्ट्रॅक्टरला फोन केला. आधी आवाज चढवला. टाइम ऑफिसमध्ये जाऊन आलो म्हटल्यावर चेक आणि डिपॉझिट दोन्ही राहू दे म्हणाला. पण मार्कशीटवर अडून बसलाय. 'तुम्ही पोरं पहिला पगार घेऊन पळता, मला कंपनी शिव्या घालते.' लेटर जॉइन झाल्यावर देणार म्हणतो.

रेवा
गेटवर गेलास हे उत्तम केलंस. लेटर आधी माग. निदान पद, ग्रॉस, पीएफ-ईएसआय आणि नोटीस पिरियड एवढं ईमेलवर तरी येऊ दे. कॉन्ट्रॅक्टर लिहायला टाळाटाळ करत असेल तर तूच मेसेज टाक: 'आपल्या बोलण्याप्रमाणे १८ हजार ग्रॉस, पीएफ-ईएसआयसह, सोमवारी रुजू होत आहे.' त्याने ओके पाठवलं तरी तुझ्याकडे काहीतरी राहतं.

वकिली_चष्मा
ओरिजनल द्यायचीच वेळ आली तर लेटरहेडवर सही-शिक्क्याची पोच, त्यात परत करण्याची तारीख. अशी पोच मागितली की बहुतेक जण झेरॉक्सवर राजी होतात.

निवृत्त_फोरमन
इन्स्पेक्शन म्हणजे चांगलं खातं. पण प्रॉडक्शनवाले 'पास कर, पास कर' म्हणून डोक्यावर बसतील. जो जॉब मोजला नाही त्याच्या रिपोर्टवर सही करायची नाही. कोणी सांगितलं तरी.

पंचवटीकर०३ (शनिवार, सकाळी ११.२०)
रेवाताईंचा मेसेज जसाच्या तसा पाठवला. अंगठा आला. पोच मागितली तर म्हणाला झेरॉक्स घेऊन ये, बघू. बाबा अजून म्हणताहेत की एवढ्यासाठी नोकरी घालवशील. सोमवारी झेरॉक्स घेऊनच जातोय. ओरिजनल मामाच्या कपाटात ठेवलेत, म्हणजे तिथे कुणी दबाव टाकला तरी माझ्याजवळ नसतील.

आधार_पॅन_लिंक
आधारवरचं स्पेलिंग तपासलंस का?

पंचवटीकर०३
हो. पॅनवर वडिलांच्या नावात एक 'ए' जास्त आहे.

आधार_पॅन_लिंक
बघा, मी म्हटलं नव्हतं.

गोदाकाठची
वडिलांच्या नावाने फार अडत नाही रे, त्याचं स्वतःचं नाव जुळलं म्हणजे झालं. घाबरवू नका पोराला.

सिन्नर_एक्सप्रेस
माझा पण असाच प्रश्न आहे, फक्त कंपनी माळेगाव एमआयडीसीत आणि मार्कशीट आधीच जमा झालीय. नवीन धागा काढू की इथेच विचारू?

सिडकोवाला
इथेच विचार. फक्त सगळं एकदम सांग. कंपनी की कॉन्ट्रॅक्टर, ते पहिल्या ओळीत.