मदत हवी आहे : जुन्या विलीज जीपचा मूळ रंग कसा ओळखावा?

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. काकांच्या देवासच्या शेतावर पडून असलेली युद्धकाळातली विलीज जीप दुरुस्त करायला घेतली आहे. इंजिनाचं काम मार्गी लागलंय, अडलंय ते रंगापाशी.

डॅशबोर्डच्या मागे पाण्यातला पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवला. वर निळा, मग चकचकीत हिरवा, त्याखाली अजिबात चमक नसलेला हिरवट तपकिरी थर आणि शेवटी लाल प्रायमर. हा तिसरा थर कोणता?

अमेरिकन कारखान्यातून जीप मॅट (बिनचमकीच्या) ऑलिव्ह ड्रॅबमध्ये, म्हणजे हिरवट तपकिरी लष्करी रंगात निघायची. ब्रिटिशांना हिरव्या क्रोम ऑक्साइड या रंगद्रव्याची टंचाई भासली, म्हणून १९४२पासून त्यांच्या गाड्या तपकिरी, म्हणजे एससीसी २ मध्ये रंगवल्या जात (एससीसी हे त्यांच्या ठरावीक लष्करी रंगांच्या क्रमांकांचं नाव). एप्रिल १९४४मध्ये एससीसी १५ हा ऑलिव्ह आला, तोही अमेरिकेकडून आलेल्या गाड्या पुन्हा रंगवाव्या लागू नयेत म्हणून. माझा थर थेट प्रायमरवर बसलाय, त्यामुळे मला तो ऑलिव्ह ड्रॅबच वाटतो. पण जुना तेली रंग अंधारात पिवळा पडतो, तेव्हा नुसत्या नजरेवर भरवसा कसा ठेवायचा?

इथल्या सियागंज बाजारात शेड जुळवून घेण्याआधी, पिवळेपणा उतरावा म्हणून नमुन्याचा पत्रा उन्हात ठेवावा का, आणि किती दिवस? खरा मॅट इनॅमल इंदूर-महूकडे कोण करून देतं? सध्याचा लष्करी गडद हिरवा मला नकोय. ज्यांनी अशी जीप खरवडली असेल, त्यांनी थरांचे फोटो दिवसाच्या उजेडात काढून कृपया इथे टाका.