मदत हवी आहे: अल्ट्रासाउंडने पोटाची चरबी, दुसरं सेशन कधी?

बेंबीखालच्या चरबीसाठी हायफूचं, म्हणजे फोकस्ड अल्ट्रासाउंडचं एक सेशन करून आज पाच आठवडे झाले. टेपवर फरक शून्य. क्लिनिकवाले म्हणतात, लगेच दुसरं करून घ्या. मला घाई पटत नाहीये.

माझ्या वाचनात असं आलं की या अल्ट्रासाउंडच्या उष्णतेने मेलेल्या चरबीच्या पेशी शरीर हळूहळू उचलतं, म्हणून निकाल ८ ते १२ आठवड्यांनी बघायचा. मग पाचव्या आठवड्यात 'कमी पडलं' हे ठरवलं कशावरून?

आधीच सांगते: वय ४१, बीएमआय २६, वजन वर्षभर स्थिर. चालणं आणि व्यायाम चालू आहे, त्यामुळे कृपया डाएट सुचवू नका. हर्निया, पेसमेकर नाही, गरोदर नाही. चिमटीत इंचभरापेक्षा थोडी जास्त चरबी येते. आतली, अवयवांभोवतीची चरबी याने जात नाही हे माहीत आहे. सेशननंतर आठवडाभर दुखलं, काळंनिळं पडलं, ते गेलं. पण उजवीकडे हाताच्या तळव्याएवढा भाग अजून बधिर आहे, सलवारीची नाडी टेकली तरी कळत नाही. लायपोसक्शन करायचं नाही.

(मोजमाप रोज सकाळी उपाशीपोटी, बेंबीखाली चार बोटं. संध्याकाळी मोजलं तर पोट फुगूनच दोनेक सेंटीमीटर वाढतं, म्हणून क्लिनिकच्या 'आधी-नंतर' आकड्यांवर माझा फारसा विश्वास नाही.)

ज्यांनी केलंय किंवा जे त्वचारोगतज्ज्ञ आहेत त्यांनी सांगा: तुम्हाला फरक नेमका कितव्या आठवड्यात दिसला, आणि बधिरपणा पूर्ण जायच्या आत त्याच जागी दुसरं सेशन घ्यावं का?