नॉर्मन प्रिचर्डची १९०० सालची दोन रौप्यं भारताची धरायची की नाही?

मैदानवेडा

मुलीच्या शाळेत गेल्या आठवड्यात जनरल नॉलेजची चाचणी होती, त्यात प्रश्न आला, ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक पदक मिळवणारा पहिला भारतीय कोण. पोरीने लिहिलं नॉर्मन प्रिचर्ड. लाल पेनाने काट, बाजूला खाशाबा जाधव, दोन मार्क गेले. घरी आली ती रडवेली होऊनच, कारण ते नाव तिला मीच सांगितलेलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रिचर्ड कलकत्त्यात जन्मला, सेंट झेवियर्स कॉलेजात शिकला, बंगाल प्रांताची १०० यार्डांची शर्यत १८९४ पासून सलग सात वर्षं त्याने मारली. १९०० च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पाच शर्यतींत उतरला, ६०, १००, २०० मीटर आणि ११० व २०० मीटर हर्डल्स. ६० आणि १०० मध्ये फायनलपर्यंत गेला नाही, ११० हर्डल्सची फायनल पूर्ण केली नाही, पण २०० मीटर आणि २०० मीटर हर्डल्स दोन्हीत दुसरा आला. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती म्हणजे आयओसी आजही ही दोन्ही रौप्यं भारताच्या नावावर दाखवते. मग आपणच का खोडतोय? माझं स्पष्ट मत आहे की ती भारताचीच आहेत आणि तशीच शिकवली पाहिजेत.

कृष्णाकाठ

दादा, मी कराडचा, खाशाबांचं गाव गोळेश्वर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. पोरीचे मार्क गेले त्याचं वाईट वाटलं पण तुमचं म्हणणं अजिबात पटलं नाही. प्रिचर्डचे आईवडील इंग्रज, तो स्वतः १९०५ च्या सुमारास इंग्लंडला निघून गेला आणि तिथून अमेरिकेला जाऊन नॉर्मन ट्रेव्हर या नावाने मूकपटांत कामं करत राहिला, १९२९ ला लॉस एंजेलिसला वारला. त्याने कधी म्हटलं का मी भारतीय म्हणून? ज्या काळात इथल्या माणसाला साहेबांच्या क्लबच्या फाटकातून आत घेत नव्हते त्या काळात साहेबाचा मुलगा पळाला आणि दुसरा आला, त्यात आपलं काय?

खाशाबांच्या वेळी काय झालं ते आमच्याकडे लहान पोरालाही पाठ आहे. १९४८ ला लंडनला कुस्तीत सहावे आले, १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तर राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार उभे केले, गावाने वर्गणी काढली. तिथे जाऊन ब्राँझ आणलं. त्याला मी पहिलं म्हणणार.

मैदानवेडा

खाशाबांचं एक तोळाभरही कमी करायचं नाहीये मला, हे आधीच सांगतो. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक त्यांचंच, त्यावर वाद कुणाचाच नाही. पण प्रश्नात "स्वतंत्र" शब्द नव्हता ना.

आकडेमोड

पहिल्या पोस्टमध्ये अर्धीच बाजू आलीय म्हणून लिहितो. आयओसी भारत म्हणते हे खरं, पण जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने २००४ अथेन्सनंतर जी आकडेवारी छापली त्यात प्रिचर्ड ग्रेट ब्रिटनखाली आहे. म्हणजे ज्या खेळात तो पळाला त्या खेळाची स्वतःची संघटना त्याला ब्रिटनचा धरते. कारणही आहे. पॅरिसच्या आधी जुलैच्या सुरुवातीला तो लंडनला इंग्लंडच्या हौशी ॲथलेटिक्स संघटनेच्या म्हणजे एएएच्या चॅम्पियनशिपमध्ये १२० यार्ड हर्डल्स पळाला, तिथे अमेरिकेच्या क्रेन्झलाइनच्या मागे दुसरा आला, आणि तो लंडन ॲथलेटिक क्लबचा मेंबर होता. ब्रिटिश इतिहासकारांचं म्हणणं की तिथली कामगिरी बघून त्याला पॅरिसच्या ब्रिटिश चमूत घेतलं. भारतातून त्याला कुणी पाठवलं नव्हतं, भारताची टीम नव्हती, ऑलिम्पिक संघटना नव्हती (ती १९२७ ला झाली). मग एका माणसाची टीम इंडिया आली कुठून?

इतिहासाच्या_बाई

शाळेत इतिहास शिकवते म्हणून राहवलं नाही. आकडेमोड, तुमचा संघटना नसल्याचा मुद्दा पूर्ण न्याल तर ब्रिटनलाही लागू होतो, कारण ब्रिटिश ऑलिम्पिक असोसिएशनच १९०५ ची आहे. १९०० ला देशाने निवडून पाठवायचं असं काही नव्हतंच. देशाच्या समितीमार्फतच एन्ट्री हा नियम १९०८ च्या लंडनपासून. पॅरिसची ती स्पर्धा जागतिक प्रदर्शनाच्या कार्यक्रमात घुसवलेली, मे ते ऑक्टोबर चालली, कित्येकांना आपण ऑलिम्पिकमध्ये खेळलो हे नंतर कळलं. सोनं, रूपं, कांसं असं तेव्हा नव्हतं, कप नि वस्तू वाटल्या, पदकांची क्रमवारी नंतर कागदावर लावली. रस्सीखेचीत तर डेन्मार्क आणि स्वीडनची माणसं एकाच टीममध्ये होती आणि ती टीम जिंकली.

आता खरा मुद्दा. २०० मीटरच्या त्याच फायनलमध्ये प्रिचर्डच्या मागे तिसरा कोण आला माहितीये? स्टॅन रोली, सिडनीचा. ऑस्ट्रेलिया हा देश १ जानेवारी १९०१ ला अस्तित्वात आला, म्हणजे रोली पळाला तेव्हा तो देशच नव्हता, ब्रिटिश वसाहती होत्या. शिवाय रोली त्याच स्पर्धेत ५००० मीटरच्या सांघिक शर्यतीत ब्रिटिशांच्या बाजूने पळाला. तरी ६०, १०० आणि २०० ची त्याची तिन्ही कांस्यं ऑस्ट्रेलियाची म्हणून मोजतात, कुणी हूं की चूं करत नाही. १८९६ चा एडविन फ्लॅक, ८०० आणि १५०० जिंकलेला, तोही लंडन ॲथलेटिक क्लबचाच मेंबर, तो ऑस्ट्रेलियाचा पहिला ऑलिम्पिक विजेता. फ्लॅकला एक माप आणि प्रिचर्डला दुसरं, हे कसं चालेल?

मैदानवेडा

बाई, हेच मला म्हणायचं होतं पण इतकं नीट जमलं नसतं. एकाच शर्यतीत दुसरा आणि तिसरा, दोघे वसाहतीतले, एकाची वसाहत धरायची आणि दुसऱ्याची नाही.

आकडेमोड

रोलीचा मुद्दा तगडा आहे, मान्य. पण मग बर्लिन १९३६ चं काय करणार? मॅरेथॉन जिंकलेला सोन की-चुंग कोरियाचा होता, कोरिया जपानच्या ताब्यात, त्याचं नावसुद्धा जपानी उच्चाराने लिहिलं गेलं, पदक घेताना मान खाली घालून उभा राहिला. आयओसीने ते सुवर्ण आजही जपानच्या नावावर ठेवलंय. नियम असा की ज्याच्याकडून उतरलास त्याचं, मनात काय आहे ते बघत नाहीत.

इतिहासाच्या_बाई

पण सोनला जपानच्या टीमने अधिकृतपणे उतरवलं होतं, छातीवर जपानचा सूर्य होता, त्यात शंकेला जागाच नाही. त्याच्यावर अन्याय झाला हे खरं, आणि नोंद बरोबर आहे हेही खरं. प्रिचर्डच्या बाबतीत "ज्याच्याकडून उतरला" हेच पक्कं नाहीये, आणि पक्कं नसेल तर माणूस आला कुठून आणि आयुष्यभर पळाला कुठे ते बघायचं. तो पळायला शिकला कलकत्त्याच्या मैदानांवर.

कृष्णाकाठ

बाई, सोनच्या उदाहरणाने माझंच म्हणणं खरं ठरतं बघा. सोन मान खाली घालून उभा राहिला कारण तो कोरियाचा होता हे त्याला आतून माहीत होतं. प्रिचर्डला आतून काय वाटत होतं? कलकत्त्यात जन्मलेला प्रत्येक साहेब भारतीय धरायचा तर मग इथे जन्मून पुढे इंग्लंडकडून क्रिकेट खेळलेले पण आपलेच का? जन्म हा निकष नाही, नातं पाहिजे. गावाने वर्गणी काढली ते नातं.

फक्की_आणि_स्पाइक

मी बाजू घ्यायला आलो नाही, पण सगळे देशावर भांडताय आणि शर्यतीवर कुणीच बोलत नाहीये म्हणून लिहितो. मी कॉलेजात २०० पळायचो, जिल्ह्याला दोनदा फायनलला होतो, ट्रॅक कसला, पावसाळ्यानंतरचं गवत कापून त्यावर फक्की मारलेली. ज्यांनी गवतावर वळण घेतलंय त्यांनाच कळेल, डावा पाय आत दाबावा लागतो आणि खाली खड्डा आहे की उंचवटा हे पाय टेकल्यावरच कळतं, स्पाइक मऊ जागी जास्त रुततो आणि पुढचं पाऊल अर्ध्या वितीने उशिरा पडतं, तेवढ्यात शेजारच्या लेनचा निघून जातो. २०० मीटरमध्ये ती अर्धी वीत परत मिळत नाही.

पॅरिसला १९०० मध्ये सिंडरचा म्हणजे कोळशाच्या राखेचा ट्रॅकसुद्धा नव्हता. बुआ द बुलोन्यच्या जंगलात रेसिंग क्लबचं मैदान, ५०० मीटरचा गवताचा घेर, खालीवर, झाडं इतकी जवळ की थाळीफेकवाल्यांची थाळी झाडांत जायची. अशा गवतावर २२ जुलैला अमेरिकेच्या टुक्सबरीने २०० मीटर २२.२ ला मारली आणि प्रिचर्ड त्याच्या मागे. हा टुक्सबरी काही साधासुधा नव्हता, त्याच स्पर्धेत ४०० हर्डल्सही जिंकला, ६० आणि १०० मध्ये दुसरा आला. त्याच्या सहा दिवस आधी २०० हर्डल्स, दहा अडथळे, उंची अडीच फूट, तिथे समोर क्रेन्झलाइन, ज्याने त्या एका ऑलिम्पिकमध्ये चार वैयक्तिक सुवर्णं घेतली, ट्रॅक अँड फील्डमध्ये एका ऑलिम्पिकला चार वैयक्तिक सुवर्णं आजवर दुसऱ्या कुणाला जमली नाहीत. आणि त्या शर्यतीत प्रिचर्डने टुक्सबरीला मागे टाकलं, टुक्सबरी तिसरा. म्हणजे एका शर्यतीत टुक्सबरी पुढे, दुसऱ्यात प्रिचर्ड. तो ज्या देशाचा असेल त्या देशाचा असो, पण त्याला "साहेबाचा मुलगा पळाला" असं एका ओळीत उडवू नका. पळालाय तो.

कृष्णाकाठ

तुमचं पटलं. पळणाऱ्याचा अपमान करायचा नव्हता, शब्द मागे घेतो. मुद्दा मागे घेत नाही.

बेळगावचा_पोरगा

मला या सगळ्यात १९२० चं अँटवर्प का येत नाही याचंच आश्चर्य वाटतंय. भारताची म्हणून ठरवून पाठवलेली पहिली टीम ती. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर सर दोराबजी टाटांनी पोरांना अनवाणी पळताना बघितलं, वेळा बघून चकित झाले आणि ठरवलं की यांना ऑलिम्पिकला न्यायचं, खिशातून पैसे घातले. सहा जण गेले. आमच्या बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनला २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. सदाशिव दातार होते, कुस्तीला नवले आणि रणधीर शिंदे, आणि स्प्रिंटला बंगालचे पूर्मा बॅनर्जी, १०० आणि ४०० पळाले, हीटमध्येच बाहेर, पण झेंडा त्यांच्या हातात होता. बघा, १०० मीटरलाच कलकत्त्यात जन्मलेला एक साहेब आणि वीस वर्षांनी त्याच बंगालचा एक बॅनर्जी. माझ्या मते कृष्णाकाठ म्हणतात ते नातं इथे सुरू झालं. प्रिचर्डची पदकं भारताच्या खात्यात राहू द्या, पण भारताचा ऑलिम्पिकचा इतिहास सांगताना सुरुवात अँटवर्पपासून करा.

आकडेमोड

हे मला जास्त योग्य वाटतं. तक्त्यात राहू दे पण खाली तळटीप पाहिजे. गेल्या पॅरिसलाच बघा, २०२४ ला मनू भाकरने दोन ब्राँझ घेतली तेव्हा सगळीकडे "एका ऑलिम्पिकमध्ये दोन पदकं घेणारी स्वातंत्र्यानंतरची पहिली भारतीय" असं लिहावं लागलं, कारण आधीचा कोण तर प्रिचर्ड, आणि तोही पॅरिसलाच. ते "स्वातंत्र्यानंतरची" दोनदा खटकत होतं मला, आज वाटतंय बरोबर होतं. नीरजच्या टोकियोच्या सुवर्णाच्या वेळी मात्र "ॲथलेटिक्समधलं पहिलं पदक" असं बरेच जण बिनधास्त छापून मोकळे झाले, पहिलं सुवर्ण म्हटलं असतं तर प्रश्नच नव्हता.

मैदानवेडा

तळटीप मला मंजूर आहे. माझी एक चूक पण कबूल करतो, पोरीला सांगताना मी म्हटलं होतं की प्रिचर्डला भारताने पाठवलं. आकडेमोड बरोबर आहेत, कुणी पाठवलं नव्हतं, तो इंग्लंडमध्ये होता आणि तिथून गेला. काल रात्री तिला बसवून हे परत सांगितलं. तिने विचारलं, मग त्याने कप कुठे ठेवला असेल? मला उत्तर देता आलं नाही.

पण बाकी मत बदललं नाही. रोलीला ऑस्ट्रेलियाचा धरतात तोवर प्रिचर्ड भारताचा. १८९४ ते १९०० ज्या मातीत पळाला ती कलकत्त्याची. त्याच काळात तो तिथे फुटबॉलही खेळायचा, १८९७ ला शोभाबाजार क्लबविरुद्ध हॅटट्रिक मारली होती, पुढे इंडियन फुटबॉल असोसिएशनचा सेक्रेटरी झाला. हा माणूस चार दिवस बोटीतून उतरून परत गेलेला पाहुणा नव्हता.

कृष्णाकाठ

सेक्रेटरीचं मला माहीत नव्हतं. तरी माझ्यासाठी पहिले खाशाबाच, मरेपर्यंत. २०२४ ला कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत ब्राँझ घेतलं तेव्हा कराडात पेढे वाटले, का तर महाराष्ट्राला बहात्तर वर्षांनी वैयक्तिक पदक. बहात्तर वर्षं मोजली ती १९५२ पासून. १९०० पासून मोजायचं इथे कुणाच्या मनातही येत नाही.

पण दादा, तुमच्या पोरीचे मार्क द्यायला पाहिजेत. प्रश्नात स्वतंत्र भारत लिहिलेलं नव्हतं, तिने आयओसीचं उत्तर लिहिलं, चुकलं ते प्रश्न काढणाऱ्याचं. तिच्या शाळेतल्या बाईंना भेटा, भांडू नका, नीट सांगा. आणि सुट्टीत तिला घेऊन गोळेश्वरला या, मी येतो सोबत.

इतिहासाच्या_बाई

बाईंना भेटायला जाल तेव्हा रोलीचं उदाहरण सांगा, फ्लॅकचं नको, तो १८९६ चा आहे, उगाच फाटे फुटतील. एकाच फायनलमधला दुसरा आणि तिसरा, एवढं पुरतं. मीही आमच्या शाळेची जुनी प्रश्नपत्रिका काढून बघितली आत्ता. तोच प्रश्न, त्याच शब्दांत, आणि तपासलेला मीच. त्या वर्षी दोन मुलांनी प्रिचर्ड लिहिलं होतं.

मैदानवेडा

सोमवारी जातोय. पोरगी म्हणते मीच बोलणार.