‘तारुण्य टिकवणारी’ बिअर आणि १५१६चा नियम: तुमचं मत काय?

ओडरकाठ
गेल्या महिन्यात ओडर-नायसे सायकलमार्गावर नॉयत्सेलेला मुक्काम केला. जर्मनीच्या ब्रान्डेनबुर्ग राज्यातलं, पोलंडच्या सीमेलगतचं गाव. मठ १२६८चा, आणि बिअर १५८९पासून. तिथली ‘श्वार्त्सर आप्ट’, म्हणजे ‘काळा मठाधिपती’, ही काळी बिअर घेतली. जेवणानंतर हळूहळू प्यावी अशी, गोडसर. लेबलावर पाणी, सातूचं माल्ट (मोड आणून वाळवलेला सातू) आणि हॉप्स (कडवटपणा देणारी वेलीची फुलं) यांच्या जोडीला साखरेचा पाक लिहिलेला.

त्या पाकापायी हे प्रकरण दहा वर्षं कोर्टात होतं. २३ एप्रिल १५१६ला इंगोलश्टाटमध्ये दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरियाच्या ड्यूकांनी हुकूम काढला की बिअरमध्ये सातू, हॉप्स आणि पाणी एवढंच घालायचं. १९०६मध्ये हा नियम सगळ्या जर्मनीला लागू झाला. सरकारी खातं म्हणालं, पाक घातलात तर ‘बिअर’ हा शब्द वापरायचा नाही. ब्रुअरीचे तेव्हाचे मालक हेल्मुट फ्रिट्शे लढत राहिले आणि २००५मध्ये लाइपत्सिगच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

इथपर्यंत मी फ्रिट्शेंच्या बाजूचा. पण याच ब्रुअरीने ‘अँटी-एजिंग’ बिअरही काढली, स्पिरुलिना शैवाल आणि क्वेर्सेटिन (वनस्पतींत आढळणारं एक द्रव्य) घातलेली. तिथे माझा विरोध आहे. माझं म्हणणं असं: पाक घातला, तो लेबलावर लिहिला, तर गिऱ्हाइकाची फसवणूक कुठे झाली? फसवणूक होते ती ‘प्या, तरुण राहाल’ असं सुचवण्यात. एवढी वर्षं भांडायचं होतं तर त्या शब्दावर भांडायला हवं होतं.

विशाखा_म्युनिक
ओडरकाठ, पाकाला तुम्ही फार सहज सोडलंत. मी अकरा वर्षं इथे आहे. वरच्या फ्रांकोनियात, म्हणजे बव्हेरियाच्या उत्तर भागात, गावागणिक ब्रुअरी आहे, कित्येक ठिकाणी मागे बिअर बनते आणि पुढे तेच कुटुंब जेवण वाढतं. दगडी मग समोर येतो, त्याला ना लेबल ना यादी. तरी आत काय आहे हे मला ठाऊक असतं, ते या नियमामुळे. नियम काढा, की मोठे कारखाने मका, तांदूळ, साखर घालून स्वस्त माल काढतील आणि या छोट्यांना गिळतील. १९८७मध्ये युरोपीय न्यायालयाने बाहेरच्या बिअरला ‘बिअर’ म्हणून इथे विकायची मुभा दिली. इथल्या ब्रुअऱ्यांवर मात्र नियम कायम राहिला. लोकांना तो हवा आहे.

सातूचं पीठ
मी पुण्यात एका मायक्रोब्रुअरीत काम करतो, शिक्षण जर्मनीत झालं. विशाखाताई, छोट्या ब्रुअऱ्यांबद्दल तुम्ही म्हणता ते मनापासून पटतं. पण नियमाच्या शुद्धतेवर माझा विश्वास नाही.

मूळ हुकुमात यीस्टचा, म्हणजे बिअर आंबवणाऱ्या खमिराचा, उल्लेखच नाही. मजकुराचा मोठा भाग दराचा आहे: हिवाळ्यात एक ‘मास’ (साधारण लिटरभराचं माप) बिअर एका फेनिगहून (तिथलं जुनं नाणं) महाग नको, उन्हाळ्यात दोन फेनिगहून नको. गहू बिअरमध्ये न जाता रोटीवाल्यांकडे राहावा, हाही हिशोब होता. पुढे १६०२पासून गव्हाच्या बिअरचा मक्ता खुद्द राजघराण्याने घेतला. १५५१मध्ये बव्हेरियातच धणे आणि तमालपत्रासारखं लॉरेल चाललं, १६१६मध्ये मीठ, जुनिपर, शहाजिऱ्यासारखं कॅरवे चाललं. ‘राइनहाइट्सगेबोट’, म्हणजे ‘शुद्धतेचा नियम’, हा शब्द तर १९१८चा, बव्हेरियाच्या विधिमंडळातला.

आणि आजचं सांगतो. बिअर गढूळ होऊ नये म्हणून पीव्हीपीपी नावाची पांढरी, मैद्यासारखी पूड टाकीत सोडतात. ते प्लास्टिक आहे. गाळून काढतात म्हणून ते चालतं आणि यादीतही येत नाही. मी स्वतः वापरलंय. धणे घातले तर परवानगी काढा, आणि प्लास्टिकला मात्र मोकळी वाट! २०१६मध्ये म्युनिकच्याच एका पर्यावरण संस्थेला १४ जर्मन बिअरमध्ये ग्लायफोसेट या तणनाशकाचे अंश सापडले होते. नियमाला त्यातलं काहीच दिसत नाही.

विशाखा_म्युनिक
पीव्हीपीपीचं मान्य, ते बंदच व्हावं. पण भोक पडलं तर ते बुजवायचं. भिंत कशाला पाडायची?

मीरा (आहारतज्ज्ञ, नाशिक)
घटकांची चर्चा चालू दे, मला ओडरकाठ यांच्या शेवटच्या मुद्द्याशी काम आहे. युरोपात १.२ टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेल्या पेयावर आरोग्याचा दावा करता येत नाही, २००६चा नियम आहे. त्याच आधारावर २०१८मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने दक्षिणेतल्या एका ब्रुअरीला ‘बेकोमलिश’ हा शब्द जाहिरातीत वापरू दिला नाही. आपल्याकडे ‘मला हे मानवतं’ म्हणतो, तोच अर्थ. तेवढाही शब्द नको, हे मला योग्य वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३मध्ये स्पष्ट सांगितलं की अल्कोहोलचं सुरक्षित असं प्रमाणच नाही.

याबद्दल मला इतकं का वाटतं, तेही सांगते. आपल्याकडे मुतखड्याला बिअर घ्या हा सल्ला घरोघरी मिळतो. चाळिशीतले एक गृहस्थ आले होते, एरवी निर्व्यसनी. शेजाऱ्याने सांगितलं म्हणून रोज रात्री एक बाटली, चार महिने. लघवी जास्त होते म्हणून त्यांना वाटायचं खडा विरघळतोय. खडा युरिक अॅसिडचा होता, आणि बिअर युरिक अॅसिड वाढवते. बाटली संपली की पाणी प्यायचीही त्यांना गरज वाटत नसे. खडा तिथेच राहिला, वर संध्याकाळची सवय लागली. त्यांच्या बाटलीवर कुठलाही दावा छापलेला नव्हता. छापलेला असता तर मी त्यांना काय सांगून थांबवणार होते?

सातूचं पीठ
मीराताई, आमच्याकडे दर शनिवारी कुणीतरी विचारतं, ‘ही पोटाला चांगली ना?’ नाचणीची बिअर लावली की हमखास. नाचणी पौष्टिक, मग बिअरही पौष्टिक, असा हिशोब. मी ‘नाही’ म्हणून सांगतो. पण फळ्यावर ‘नाचणी’ लिहायचा हक्क मला हवा. तो चवीसाठी आहे.

विशाखा_म्युनिक
एक प्रश्न राहतो. इथे मॅरेथॉन संपली की धावपटूंच्या हातात बिनअल्कोहोलची गव्हाची बिअर देतात, ‘आयसोटॉनिक’, म्हणजे घामातून गेलेलं भरून काढणारं पेय, म्हणून. १.२च्या खाली असल्याने कायदा आड येत नाही. मीराताई, त्यालाही तुमचा विरोध?

मीरा (आहारतज्ज्ञ, नाशिक)
पेयाला नाही. पाणी आणि थोडी साखर मिळते, पळून आलेल्याला ते चालेल. पण बाटली तीच, नाव तेच, फेसही तोच. शेजारी उभ्या असलेल्या दहा वर्षांच्या मुलाला त्यात फरक कळत नाही, म्हणून माझा विरोध आहे.

ओडरकाठ
मुलाचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. सातूचं पीठ, पीव्हीपीपीही माहीत नव्हतं. पाकाबद्दल मी अजून फ्रिट्शेंच्याच बाजूला आहे. विशाखाताई, फ्रांकोनियातल्या गावांची नावं द्या. सप्टेंबरमध्ये तिकडे सायकल काढतो, मग तिथे बसून तुमच्याशी पुढचं भांडतो.