पोट्ट्यांना चढता येईल असं शिल्प बगिच्यात बसवायचं आहे

धरमपेठवाली:
आमच्या लेआउटच्या बगिच्यात एक कोपरा रिकामा आहे, तिथे काहीतरी कलाकृती बसवायचं चालू आहे पण "हात लावू नये" पाटीवालं शिल्प मला अजिबात नको, पोरांना चढता-घसरता आलं पाहिजे. कुठे झालंय का असं? मटेरियल कोणतं घ्यावं?

गोरेवाडाकर:
ताई, जेरुसलेमचं 'गोलेम' नावाचं शिल्प बघा, शिल्पकार निकी द सेंट फाल यांनी 1972 मध्ये केलेलं. काळा-पांढरा राक्षस, तोंडातून तीन लाल जिभा बाहेर आणि त्याच घसरगुंड्या! आधी लोकांना वाटलं लेकरं घाबरतील, पण पोट्ट्यांनी त्याला आपलंसं केलं.

सक्करदरा_दादा:
जपानमधल्या सापोरोच्या ओदोरी पार्कात शिल्पकार इसामू नोगुचींची काळ्या ग्रॅनाइटची वळणदार घसरगुंडी आहे, भारीच काम, पण आपल्याकडे काळा दगड नको बरं का. मे महिन्यात पारा 45 वर जाते, पत्र्याच्या घसरगुंडीवर पोरगं बसलं की मांड्यांना चटका लागून रडतच उतरते. कडुनिंबाखाली जागा घ्या, फिकट रंग, कडा गोल, खाली जाड रेती.

धरमपेठवाली:
कडुनिंब आहे पण दुसऱ्या टोकाला, मग तिकडेच बसवायला सांगते. राक्षसाऐवजी वाघ चालेल का, शेपटीची घसरगुंडी?

गोरेवाडाकर:
वाघच करा! पोटातून बोगदा ठेवा, लहानगे चढायला घाबरतात त्यांना रांगता येईल. फक्त आरपार दिसला पाहिजे आणि पावसाचं पाणी साचू नये म्हणून थोडा उतार द्या.