तुरुंगातल्या मानसिक आजारावरच्या अभ्यासात भावाने सही करावी का?

कराडची_ताई: माझा धाकटा भाऊ कच्चा कैदी आहे. अटकेच्या आधीपासून त्याला स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या चालू आहेत. मागच्या मुलाखतीत जाळीपलीकडून म्हणाला, "एक मॅडम येतात, आतल्या लोकांच्या मानसिक आजारावर अभ्यास करतायत, सही मागतायत." सही केली की जामीन लवकर होईल, असं त्याच्या डोक्यात बसलंय. आई म्हणते, आतल्या माणसांवर प्रयोग करतात, अजिबात नको. मला काही सुचत नाही.

माजी_समुपदेशक: ताई, आधी त्याच्या डोक्यातून जामीन काढा. अभ्यासाचा आणि केसचा काडीचा संबंध नसतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017, कलम 99 बघा. संमती मोकळेपणाने आणि समजून दिलेली हवी, आणि ती केव्हाही मागे घेता येते. नाही म्हटलं तरी गोळ्या थांबता कामा नयेत, हे मॅडमना स्पष्ट विचारा.

पण हे समजून तो तयार असेल, तर अडवू नका. मी बराकींत वर्षानुवर्षं फिरलोय. आरडाओरडा करणाऱ्याला डॉक्टरांसमोर उभं करतात. भिंतीकडे तोंड करून बसलेला, ताटातली चपाती तशीच ठेवणारा माणूस मात्र 'याचा त्रास नाही' म्हणून सुटतो. एकेकाला समोर बसवून विचारल्याशिवाय असे लोक सापडत नाहीत. बंगळूरच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेने तिथल्या परप्पन अग्रहार तुरुंगात पाच हजारांहून जास्त कैदी असे तपासले. 2011 च्या त्या अहवालात व्यसनं वगळूनही 27.6 टक्के बंद्यांना मानसिक आजार निघाला. असा आकडा हातात नसेल, तर जेलसाठी मानसोपचारतज्ज्ञ मागायचे कशाच्या जोरावर?

वकील_सातारा: सही करण्याआधी तुमच्या वकिलांना फॉर्म दाखवा. नाव गुप्त राहणार का, उत्तरं कोण वाचणार, हे लेखी हवं. घडलेल्या गुन्ह्याबद्दल त्याने तिथे एक शब्दही बोलू नये. झोप, आवाज ऐकू येणं, गोळ्या, एवढंच. आणि अभ्यासाची वाट न बघता जुने उपचारांचे कागद जेलच्या डॉक्टरांकडे आणि कोर्टात आजच द्या.

कराडची_ताई: शनिवारी त्याला नीट समजावते, सही करायची की नाही ते त्यालाच ठरवू दे. कागदांच्या झेरॉक्स चालतील?

वकील_सातारा: चालतील. मूळ फाइल घरीच ठेवा, आणि दिलेल्या प्रतीवर पोच घ्या.